पडला तर उचलणार कोण?

दोस्तांनो, सहलीची मजा नेमकी कधी सुरू होते, सांगा पाहू! गाडीत बसल्यावर? छे! मुक्कामी पोचल्यावर? तेही नाही. माझं विचाराल, तर जमिनीवर नकाशा पसरला, भोवती घरातली चार टाळकी बसली आणि “इथे जाऊ”, “नको, तिथे जाऊ” अशी भांडाभांडी सुरू झाली, की सहल सुरू झालीच म्हणून समजा. आणि गंमत अशी, की या भांडाभांडीत घरातल्या प्रत्येकाच्या मनात काय आहे ते जितकं कळतं, तितकं एरवी वर्षभरात कळत नाही.

आज तुम्हाला आमच्या अशाच एका सहलीच्या तयारीची गोष्ट सांगणार आहे. सहल अजून व्हायची आहे बरं का! पण तयारीच इतकी मोठी झाली, की तीच आधी सांगावीशी वाटली.

मी राहते जर्मनीत, म्युनिक शहरात. माझी ताई पुण्यात. ताईला दोन मुलं. भाचा तेरा वर्षांचा, भाची दहाची. दोघांची आजी, म्हणजे माझी आई, सदुसष्ट वर्षांची. आणि ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, घरातले हिशेबनीस. गेल्या दिवाळीत भाच्याने मला फोनवर हळूच विचारलं, “मावशी, मी स्कीइंग करू शकेन का गं?”

आता तुम्ही म्हणाल, यात हळूच विचारण्यासारखं काय आहे? सांगते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात सायकल घसरून हा मुलगा पडला आणि त्याच्या उजव्या पायाच्या नडगीचं हाड मोडलं. दहा आठवडे प्लास्टर होतं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण त्यानंतर हा पठ्ठ्या मैदानावर गेलाच नाही. फुटबॉल बंद, सायकल बंद. कुणी बोलावलं तर “अभ्यास आहे” म्हणायचा. असा मुलगा आपणहून बर्फावरून घसरायचा खेळ खेळतो म्हणाला, म्हणून मी कान टवकारले. खेळायला बोलावणाऱ्याला दोन वर्षं “नाही” म्हणणाऱ्याने पहिल्यांदाच “करू शकेन का” असं विचारलं होतं.

मी लगेच “हो” म्हटलं नाही. “बघू या” म्हटलं. पण हे “बघू या” मोठी माणसं टाळायला म्हणतात तसलं नव्हतं. मी खरंच बघायला बसले.

सगळ्यात आधी ठिकाण. आल्प्स पर्वतात बर्फाची गावं पुष्कळ आहेत, पण मला असं गाव हवं होतं, जिथे स्की न करणाऱ्या माणसालाही चार दिवस आनंदात काढता येतील. कारण आजी काही पायाला स्की बांधणार नव्हती! शोधता शोधता ऑस्ट्रियातलं त्सेल आम झे सापडलं. नाव मोठं मजेशीर आहे ना? जर्मन भाषेत ‘झे’ म्हणजे सरोवर. ‘त्सेल’ हा शब्द लॅटिन ‘चेला’ वरून आला. चेला म्हणजे साधूची खोली. जुन्या काळी इथे ख्रिस्ती साधूंनी मठ बांधला, त्यावरून हे नाव पडलं. सरोवराकाठची साधूची खोली!

हे गाव समुद्रसपाटीपासून ७५७ मीटर उंचीवर आहे. एका बाजूला सरोवर, दुसऱ्या बाजूला श्मिटेनहोए नावाचा १,९६५ मीटर उंच डोंगर. आपल्या कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर उंच. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी ३१९ मीटर चढवले की झाला श्मिटेनहोए. १८७५ साली इथे आगगाडी आली आणि शेती अन् गुरं सांभाळणाऱ्या या गावात शहरातले पाहुणे यायला लागले. १९२७ साली डोंगरावर जाणारा रोप-वे सुरू झाला. जवळच काप्रून नावाचं गाव आहे, आणि त्याच्या पाठीशी कित्सश्टाइनहॉर्न हे ३,२०३ मीटरचं शिखर. त्या शिखराखाली हिमनदी आहे. ऑस्ट्रियात हिमनदीवर स्कीइंगची सोय सगळ्यात आधी झाली ती इथेच, १९६५ साली.

म्युनिकहून रेल्वेने साल्झबुर्गला गाडी बदलून साधारण साडेतीन तासांत इथे पोचता येतं. स्टेशन सरोवराच्या काठालाच आहे. मी मनात म्हटलं, जमलं! सगळ्यांना फोनसमोर बसवलं आणि बेत सांगितला. मग सुरू झाले प्रश्न.

पहिला प्रश्न भाऊजींचा. “केव्हा आणि किती?”

तुम्ही हसू नका. सहलीचे निम्मे बेत या दोन शब्दांवर आपटून फुटतात. खरं तर स्कीइंगचा हंगाम डिसेंबर ते मार्च. पण नाताळात आणि फेब्रुवारीत तिथल्या शाळांना सुट्ट्या असतात, तेव्हा गर्दी आणि भाडी दोन्ही कळसाला पोचतात. शिवाय आमच्या दोघांच्या परीक्षा. ताईने ठणकावून सांगितलं, “परीक्षा संपल्याशिवाय कुणी हलायचं नाही.” म्हणजे एप्रिलचा शेवटचा आठवडा!

एप्रिलमध्ये बर्फ? भाऊजी म्हणाले, “मग झालं, पैसे वाचले!”

पण थांबा. इथे भूगोल कामाला आला. आपण जसजसे उंच जातो तसतशी हवा थंड होते, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. साधारण दर हजार मीटरला साडेसहा अंश सेल्सिअस. आता वही घ्या आणि गणित करा. एप्रिलमधल्या एखाद्या दिवशी गावात १० अंश तापमान आहे. श्मिटेनहोएचा माथा गावापेक्षा सुमारे १,२०० मीटर वर. म्हणजे तिथे जवळजवळ ८ अंश कमी, उरले २ अंश. बर्फ वितळणार. म्हणून तिथलं स्कीइंग ईस्टरच्या सुमारास आटपतं. पण कित्सश्टाइनहॉर्नचं वरचं स्टेशन आहे ३,०२९ मीटरवर, म्हणजे गावापेक्षा सुमारे २,२७० मीटर वर. तिथे जवळजवळ १५ अंश कमी, म्हणजे उणे ५! खाली झाडांना पालवी, वर पांढराशुभ्र बर्फ. हिमनदीवरचं स्कीइंग त्यामुळे सहसा वसंत ऋतूतही चालू असतं. आणि त्या दिवसांत गावातली गर्दी ओसरते, राहायची जागाही स्वस्तात मिळते.

भाऊजींनी हे गणित आपल्या वहीत स्वतः करून पाहिलं, तेव्हा कुठे मान हलवली. मग त्यांनी दुसरं पान उघडलं. व्हिसाची फी २०२४ च्या जूनपासून मोठ्यांना ९० युरो आहे, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५. भाची दहाची, तिला अर्धी. भाचा तेराचा, तो मात्र मोठ्यांत! शिवाय बारा वर्षांपासून बोटांचे ठसेही द्यावे लागतात. “म्हणजे मी कायद्याने मोठा झालो,” म्हणून स्वारी खूश. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, तर जिथे जास्त दिवस मुक्काम, त्या देशाकडे. आमचा जास्त मुक्काम म्युनिकला, माझ्याकडे, म्हणून अर्ज जर्मनीकडे. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली जागा घ्यायची ठरली. स्की, बूट, काठ्या, हेल्मेट सगळं तिथे भाड्याने मिळतं, विकत घ्यायची गरजच नाही. चार दिवसांपैकी तीनच दिवस स्कीइंग, चौथा राखीव. हे राखीव प्रकरण पुढे सांगते.

दुसरा प्रश्न भाचीचा. “मावशी, तळं गोठलेलं असेल? मला त्याच्यावरून चालायचंय!”

काय सांगू तिला? एप्रिलच्या शेवटी सरोवरात बर्फ नसतो. आणि हिवाळ्यातही ते दर वर्षी पुरतं गोठेलच, असा नेम नाही. ती हिरमुसली. मग मी तिला एक कोडं घातलं. सरोवर गोठताना बर्फ वरूनच का धरतो, तळापासून का नाही? जड गोष्ट खाली जाते ना?

दोन दिवस तिने डोकं खाजवलं. तुम्हीही खाजवा. उत्तर असं, की पाणी सगळ्यात जड असतं ते ४ अंशांना. त्याहून थंड झालं की ते पुन्हा हलकं होऊन वर येतं. म्हणून शून्याच्या जवळचं पाणी वर, ४ अंशांचं खाली. वरचं गोठतं, बर्फाची साय धरते, आणि त्या सायीखाली मासे आपले निवांत! ही व्यवस्था नसती, तर थंड देशातली तळी तळापासून गोठली असती आणि मासे उरलेच नसते. पण ती साय सगळीकडे सारख्या जाडीची नसते. म्हणून तिथे जाणती माणसं बर्फाची जाडी मोजून “आता चाला” म्हणेपर्यंत बर्फावर कुणी पाऊल ठेवायचं नसतं. भाची म्हणाली, “मग आपण काठाने चालू. आणि मी पाण्यात हात घालून बघणार, किती अंश आहे ते!” तिने सामानाच्या यादीत थर्मामीटर लिहून टाकला. पण तिने आणखी एक प्रश्न विचारला, “हिमनदी वितळतेय असं वाचलं. मग आपण गेलो की ती अजून वितळेल?”

दोस्तांनो, या प्रश्नाला गोडगोड उत्तर देता आलं असतं, पण दिलं नाही. एके काळी त्या हिमनदीवर बाराही महिने स्कीइंग चालायचं. आता तसं चालत नाही, कारण हिमनदी आटत चालली आहे. शास्त्रज्ञांनी तिथल्या खडकात खोल भोकं पाडून तापमान मोजायची यंत्रं बसवली आहेत. उंचावरच्या खडकांच्या फटींत कायमचा गोठलेला बर्फ असतो, तो चुन्यासारखा दगडांना धरून ठेवतो. तो वितळला तर दरडी सुटतात. आणि विमानाच्या धुराचा यात वाटा आहेच. भाची गप्प झाली. मग आम्ही ठरवलं, की म्युनिकहून मोटार न घेता रेल्वेनेच जायचं आणि विमानाचा प्रवास एकदाच, मावशीकडची सगळी सुट्टी त्यातच उरकायची. याने हिमनदी वाचेल, असं मी तिला म्हटलं नाही. “आपल्याला जमतं तेवढं तरी करू,” एवढंच म्हटलं.

तिसरा प्रश्न आजीचा. आजी इतका वेळ गप्प होती. आणि आमच्याकडे आजी गप्प बसली, की सगळ्यांनी सावरून बसायचं असतं. ती म्हणाली, “बाकी सगळं राहू दे. पोर पडलं, तर उचलणार कोण?”

ताईचा चेहरा उतरला. तिच्याही मनात तेच होतं. ते दहा आठवडे तिने काढले होते.

मी म्हटलं, “आई, मला आठ दिवस दे.” आणि आठ दिवस मी एवढं एकच शोधलं. काय सापडलं, ते ऐका.

एक, पडणं हा या खेळाचा धडाच आहे. पहिल्या दिवशी शिक्षक घसरायला नंतर शिकवतात. आधी पडायला आणि उठायला शिकवतात. मग स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून वेग कमी करायला. लहान मुलांना त्या आकाराला ‘पिझ्झा’ म्हणायला शिकवतात, पिझ्झाच्या तुकड्यासारखा दिसतो म्हणून!

दोन, बूट स्कीला कायमचा आवळलेला नसतो. मध्ये बाइंडिंग नावाची स्प्रिंगची कळ असते. पडताना पायावर ठरावीक जोर आला, की ती आपोआप सुटते आणि स्की पायापासून वेगळी होते. पूर्वीच्या बाइंडिंग अशा सहज सुटत नसत. मुलगा पडायचा, लांबलचक स्की वळायची आणि तिच्याबरोबर नडगी पिळली जाऊन मोडायची. सुटणाऱ्या बाइंडिंग आल्यावर नडगी मोडण्याचं प्रमाण पुष्कळ कमी झालं. गुडघ्याच्या दुखापती मात्र अजून होतात, हेही मी आजीला सांगितलं. अर्धं सांगून परवानगी मिळवायची नव्हती. ही कळ किती जोराला सुटावी, ते माणसाचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि खेळण्याची तयारी बघून ठरवतात. म्हणून दुकानात वजन विचारलं तर खरं सांगायचं. तिथे लाजून दोन किलो चोरले, तर कळ चुकीच्या जोराला लावली जाईल!

तीन, या उतारांवरही रहदारीचे नियम आहेत. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने दहा नियम घालून दिले आहेत. त्यातला मला सगळ्यात आवडलेला असा, की पुढे असलेल्याचा हक्क पहिला. कारण त्याला पाठीमागे डोळे नसतात. मागच्यानेच वाट बदलायची, मागच्यानेच वेग आवरायचा. पुण्याच्या रस्त्यावर हा नियम आला तर काय बहार होईल! ऑस्ट्रियात उतारांना रंग दिलेले असतात. निळा म्हणजे सोपा, लाल म्हणजे मध्यम, काळा म्हणजे अवघड. आमच्यासाठी आधी सरावाची सपाट जागा आणि फार तर निळा. आणि बहुतेक प्रांतांत मुलांना हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं आहे.

चार, आता खुद्द आजीचा प्रश्न. कुणी पडून उठू शकलं नाही, तर त्याच्या वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या उभ्या रोवायच्या. येणाऱ्यांना लांबून कळतं, की इथे कुणी जखमी आहे. डोंगरातल्या बचाव पथकाचा फोन नंबर १४०. आणि सगळ्या युरोपात चालणारा ११२, जो आपल्या भारतातही चालतो. बचाव पथकाची माणसं बर्फावरच्या घसरगाडीतून खाली आणतात. वेळ पडली तर हेलिकॉप्टर येतं. त्याचा खर्च मोठा असतो. व्हिसासाठी ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण साध्या प्रवासविम्यात स्कीइंगची दुखापत धरलेली असेलच असं नाही. ते बारीक अक्षर वाचून, स्कीइंग धरलेला विमा घ्यायचा. भाऊजींनी चष्मा लावून ते चार पानी बारीक अक्षर दोनदा वाचलं.

आजीने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “उचलणारे आहेत म्हणायचे. पण पायाचं डॉक्टर काय म्हणतील ते बघा. ते हो म्हणाले, तर माझी ना नाही.”

डॉक्टरांनी क्ष-किरण फोटो काढला, पाय वाकवून, दाबून पाहिला. “हाड उत्तम जुळलंय,” म्हणाले. मग खिशातून शिंप्याची टेप काढली आणि दोन्ही मांड्या मोजल्या! उजवी मांडी डावीपेक्षा अडीच सेंटिमीटर बारीक. दोन वर्षं त्या पायाला जपून जपून स्नायू सुकले होते. डॉक्टर भाच्यालाच म्हणाले, “पाय बरा झालाय, पण तुझा त्याच्यावर विश्वास नाही. म्हणून तू सगळं काम डाव्याला सांगतोस. हा फरक एक सेंटिमीटरच्या आत आला, तर जा. नाही आला, तर पुढच्या वर्षी.” ही अट त्यांनी याच्यापुरती, याचा पाय बघून घातली होती. तुमच्यापैकी कुणाचा पाय मोडला असेल, तर तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं, बरं का!

झालं! डिसेंबरपासून रोज संध्याकाळी भाचा भिंतीला पाठ लावून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखा बसतो. मग एका पायावर उभं राहायचं. मग जिने. भाची हातात घड्याळ घेऊन सेकंद मोजते आणि मध्येच फसवून पाच सेकंद वाढवते. जानेवारीच्या शेवटी फरक दीड सेंटिमीटरवर आला. आणि एक दिवस ताईने मला फोन केला, आवाज वेगळाच. म्हणाली, “अगं, आज तो सायकल काढून दूध आणायला गेला. मी काही बोलले नाही. नुसती खिडकीत उभी राहिले.”

आता चौथा प्रश्न, खुद्द भाच्याचा. तो त्याने फेब्रुवारीत विचारला, रात्री उशिरा, एकटा असताना. “मावशी, काप्रूनला आग लागली होती ना? मी वाचलं.”

मी हे त्याला सांगणारच होते, पण त्याने आधी गाठलं. अशा वेळी “तू कशाला असलं वाचतोस” म्हणून भागत नाही. मी त्याला सगळं नीट सांगितलं. तुम्हालाही सांगते.

कित्सश्टाइनहॉर्नवर जायला पूर्वी डोंगराच्या पोटातून, लांब बोगद्यातून वर खेचली जाणारी रेल्वे होती. ११ नोव्हेंबर २००० रोजी सकाळी ती गाडी बोगद्यात असताना तिच्या खालच्या टोकाला, चालकाच्या रिकाम्या केबिनमधल्या हीटरपाशी आग लागली. तेलाच्या गळतीने ती भडकली. गाडी बोगद्यातच थांबली. प्रवाशांच्या हाताशी आग विझवायचं साधन नव्हतं. चढता बोगदा म्हणजे धुराडंच. धूर वर वर जातो. बरेच जण आगीपासून दूर, म्हणजे वरच्या दिशेने पळाले आणि धुरात सापडले. बारा जण वाचले. ते खिडकी फोडून बाहेर पडले आणि आगीच्या बाजूने खाली गेले. त्यांच्यात अग्निशमन दलात स्वयंसेवक असलेला एक जण होता. खाली चला, असं त्याने सांगितलं होतं. त्या दिवशी १५५ माणसं गेली. त्यात कितीतरी तरुण मुलंमुली होती. खटला चालला, २००४ साली न्यायालयाने सोळाही आरोपींना निर्दोष सोडलं. त्या लोकांच्या घरच्यांना ते फार लागलं. बोगद्यातली ती गाडी प्रवाशांसाठी पुन्हा कधीच सुरू झाली नाही. तिथे आता त्या सगळ्यांचं स्मारक आहे.

फोनवर बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “आता वर कसं जातात?”

“उघड्या हवेत, पाळण्यांतून. तू रायगडच्या रोप-वेत बसला होतास ना, तसे. फक्त खूप मोठे.”

“आणि ते मध्येच थांबले तर?”

“वीज गेली तर दुसरं इंजिन असतं. तेही नाही चाललं तर माणसं दोराने खाली उतरवायची तयारी केलेली असते. आणि वारा फार असला तर पाळणे मुद्दाम बंद ठेवतात. म्हणून तर आपण एक दिवस राखीव ठेवलाय. पाळणे बंद म्हणजे कुणीतरी आपली काळजी घेतंय, असं समजायचं आणि खाली सरोवराकाठी फिरायला जायचं.”

तो म्हणाला, “मला त्या स्मारकापाशी थोडं थांबायचंय.” मी “हो” म्हटलं आणि बेताच्या कागदावर, पहिल्या दिवसाच्या सकाळी, अर्धा तास लिहून ठेवला.

आता आमचा कागद जवळजवळ भरत आलाय. आजीने आपल्यापुरतं ठरवलंय, की ती पाळण्यातून वर येणार, ३,०२९ मीटरवरच्या गच्चीत उभी राहून डोंगर बघणार. मात्र तीही आधी डॉक्टरांना विचारणार, कारण तिथे हवा विरळ असते. सामानात थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट आलंय. तूप आणि पेढे मात्र तिला बाहेर काढावे लागले, कारण बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे. “बर्फात मेतकूटभात खायचा आणि तूप नाही?” म्हणून आजी अजून धुसफुसते आहे. तूप तिथेच लोणी कढवून करू, म्हणून समजूत काढलीय. गॉगल सगळ्यांना सक्तीचे, कारण बर्फ ऊन आरशासारखं परत फेकतो आणि डोळे भाजून निघतात.

विमानाची तिकिटं झाली. जागा ठरली. फक्त भाच्याचा स्कीचा वर्ग ठरवायचा राहिलाय. मार्चअखेर डॉक्टर शेवटची टेप लावतील. परवाच्या मापात फरक एक सेंटिमीटर होता, ना आत ना बाहेर!

आणि एक गोष्ट. आम्ही सगळे मिळून बेत लिहितो, त्या कागदाचा फोटो ताईने मला काल पाठवला. त्यात खाली भाच्याच्या अक्षरात दोन नव्या ओळी होत्या. “टेप जास्त आली तर: मी आजीबरोबर वर गच्चीत बसणार. आजीला डोंगरांची नावं सांगणार. ग्रोसग्लॉकनर ३,७९८ मीटर, ऑस्ट्रियातला सगळ्यात उंच.” कुणी त्याला हे लिहायला सांगितलं नव्हतं. त्याच्या खाली आजीने आपल्या थरथरत्या अक्षरात लिहिलंय, “चालेल. पण तू रोज भिंतीला बसायचं सोडू नकोस.”

तेव्हा दोस्तांनो, या सुट्टीत तुम्ही कुठेही जा, माथेरानला, मामाच्या गावाला, नाहीतर नुसतं शनिवारवाड्यावर. जायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला त्याचा प्रश्न विचारू द्या. पैशांचा विचारणारा कंजूष नसतो आणि “पडला तर?” असं विचारणारी भित्री नसते. त्या प्रश्नांची खरी उत्तरं शोधा, अडचणीची असली तरी सांगा, आणि कागदाच्या तळाशी ‘नाही जमलं तर’ अशी एक ओळ रिकामी ठेवा. ती कोण भरतं ते बघा.

टेप काय म्हणाली, ते कळवीनच. तोवर तुम्ही भिंतीला पाठ लावून, खुर्चीविना बसून दाखवा बरं! आमच्या भाच्याचा कालचा आकडा आहे ७० सेकंद. त्यातले पाच भाचीने ढापलेले आहेत, ते वजा करून मोजा.